महिला रविवारी साक्ष द्यायची आहे, आणि खरी साक्ष मी लपवून ठेवली आहे

शब्बाथशाळा_टीचर

सर्वांना सलाम. लिहू की नको, असं करत दोन आठवडे गेले. आज घरात कुणी नाही, म्हणून बसले.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येत्या महिला रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, माझं नाव घातलंय. विचारलं नव्हतं, घालून मग सांगितलं. उपासना सुटल्यावर महिला संघाच्या अध्यक्षबाई माझा हात धरून म्हणाल्या, "तू कायम किती आनंदी असतेस गं, तरुण मुलींना तुझ्याकडे बघून बळ मिळेल." मी हो म्हटलं. वडगाव शेरीला घरी येईपर्यंत स्कूटरवर पोटात गोळा होता.

मी ४३ वर्षांची आहे. बारा वर्षं शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात, शिकवते, सध्या सहा ते आठ वयाची मुलं माझ्याकडे आहेत. आणि गेले चौदा महिने मी डिप्रेशनच्या गोळ्या घेते. हे वाक्य मी पहिल्यांदाच कुठेतरी लिहिलंय.

लोक विचारतील, असं झालं तरी काय होतं? काहीच झालं नव्हतं, आणि तेच सांगायला सगळ्यात अवघड जातं. कुणी गेलं नाही, नोकरी गेली नाही, नवरा चांगला आहे, मुलगी अभ्यासात बरी आहे. एका सकाळी मी गॅससमोर उभी होते. दूध वर येताना दिसत होतं, आता उतू जाणार हे कळत होतं, आणि बर्नरच्या बटणापर्यंत हात नेववत नव्हता. दूध ओट्यावरून खाली फरशीवर आलं, माझ्या पायाला चटका बसला, तरी मी तिथेच. मुलगी धावत आली आणि तिने गॅस बंद केला. त्याच्या आधीचे दोन-तीन महिने झोप नव्हती. प्रार्थनेला बसले की "हे आमच्या स्वर्गातील पित्या" इथपर्यंत यायचं आणि पुढचे शब्द दुसऱ्या कुणाचे तरी आहेत असं वाटायचं. रविवारी मात्र मी मुलांना हातवारे करून गाणी शिकवत होते. ते करताना मी खोटी नव्हते, हेही सांगते. तो एक तास खरंच बरा जायचा. वर्ग सुटला की पुन्हा तेच.

मग रास्ता पेठेत एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्या भागात आपले लोक फार. क्वार्टर गेटला उभं राहिलं की दहा मिनिटांत कुणीतरी "अगं, इकडे कुठे?" म्हणतंच. म्हणून स्कूटर दोन गल्ल्या सोडून लावते, ओढणी डोक्यावरून घेते. मिस्टरांना थायरॉईडची गोळी म्हणून सांगितलंय. पाकीट रव्याच्या डब्यात, रुमालात गुंडाळून ठेवते. गोळी काढताना त्या पाकिटाचा कर्रकर्र आवाज होतो ना, तो ऐकू जाऊ नये म्हणून मी आधी नळ सोडते.

मागच्या लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, एका घरप्रार्थनेत मी जरासं बोलून बघितलं. फक्त इतकंच म्हणाले की मन फार उदास असतं, माझ्यासाठी प्रार्थना करा. तिथे बाहेरून आलेल्या एका सिस्टरनी माझ्या डोक्यावर हात ठेवून निराशेच्या आत्म्याला धमकावलं आणि विचारलं, गोळ्या वगैरे चालू आहेत का? मी गप्प राहिले. त्या म्हणाल्या, "असतील तर आज रात्री टाकून दे. एका हातात गोळी आणि एका हातात विश्वास, असं चालत नाही." मी खरंच बंद केल्या. एकोणीस दिवस. चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, घाम, मळमळ, विनाकारण रडू. मला वाटलं, सैतान जायला तयार नाही म्हणून हे होतंय. शेवटी मान खाली घालून पुन्हा डॉक्टरांकडे गेले. ते रागावले नाहीत. इतकंच म्हणाले की गोळी बंद करायचीच असेल तेव्हा दोघं मिळून हळूहळू करू.

आता मी बरी आहे, म्हणजे बऱ्यापैकी. दूध वेळेवर बंद होतं.

माझा प्रश्न असा. हे सगळं वगळून "प्रभूने मला कसं आनंदात ठेवलं" अशी साक्ष दिली, तर ते देवाच्या घरात उभं राहून खोटं बोलणं होईल का? आणि खरं सांगितलं तर माझ्या मुलांचे आईवडील त्यांना माझ्या वर्गात पाठवतील का? तुमच्यापैकी कुणी असं उघड बोललं असेल तर कसं बोललात, आधी कुणाला सांगितलंत, ते लिहा. नुसती वचनं पाठवू नका, वचनं मला पाठ आहेत.

---

जुना_खडकीकर

ताई, सलाम. मी ६६ वर्षांचा, कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालो. माझं दुखणं वेगळं, पण लपवण्याचं काम तेच. तुमचा तो नळाचा आवाज वाचला आणि थांबलो. मी बाटली काढताना रेडिओ लावायचो.

मी मंडळीच्या कमिटीवर होतो, गायकवर्गात होतो, आणि रोज पीत होतो. सकाळी उपासनेला जाताना बडीशेप आणि वेलदोडा. एका प्रभुभोजनाच्या रविवारी द्राक्षरसाचा ट्रे फिरवायची माझी पाळी होती. मधल्या रांगेत पोचलो आणि हात कापायला लागले. ट्रेमधले ते छोटे ग्लास एकमेकांवर वाजायला लागले, किण किण किण, आणि शांततेत ते सगळ्यांना ऐकू येत होतं. एका म्हाताऱ्या बाईंनी खालून ट्रेला हात लावला आणि तो रांग संपेपर्यंत काढला नाही. काही बोलल्या नाहीत.

त्याच बाईंकडे मी चार दिवसांनी संध्याकाळी गेलो आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदा. त्यांनी चहा टाकला, ऐकून घेतलं, उपदेश केला नाही, प्रार्थनाही लगेच केली नाही. एवढंच विचारलं, "मग आता कुठे जायचं?" पुढे त्यांचा मुलगा मला येरवड्याला मुक्तांगणमध्ये घेऊन गेला. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं ते व्यसनमुक्ती केंद्र. तिथून बाहेर आल्यावर मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला जायला लागलो, अजून जातो.

तिथे बारा पायऱ्या आहेत. पाचवी पायरी अशी की आपल्या चुकांचं खरं स्वरूप देवापाशी, स्वतःपाशी आणि दुसऱ्या एका माणसापाशी कबूल करायचं. दुसऱ्या एका माणसापाशी, ताई. तिथे सभेपाशी म्हटलेलं नाही. बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात "एकमेकांजवळ" कबूल करा असंच आहे. आपण मंडळीत काय करतो, तर देवापाशी एकांतात कबूल करतो आणि लोकांसमोर एकदम माइकवर. मधली पायरी गाळतो, जिथे समोरच्याचे डोळे दिसतात. माझं म्हणणं, आधी एक माणूस गाठा. तोंडाने बंद आणि घाईने दुरुस्त करायला न धावणारं माणूस.

मी मंडळीपुढे साक्ष दिली ती दारू सोडल्यावर दोन वर्षांनी. बरं वाटलं, हलकं वाटलं, पण एक चूक केली ती सांगतो. बायकोला आणि मुलीला आधी विचारलं नाही. मुलीला तेव्हा एक स्थळ आलं होतं. त्या लोकांनी आमच्या साक्षीचं ऐकलं आणि पुढे निरोप आला नाही. मुलगी मला म्हणाली, "पप्पा, तुमची साक्ष तुमची होती, पण आडनाव माझंही होतं." आज ती सुखात आहे, त्या घरात पडली नाही हे बरंच झालं असं तीच म्हणते. पण तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरलो नाही. म्हणून तुमच्या मिस्टरांना आधी सांगा. थायरॉईडचं खोटं माइकवर पहिल्यांदा फुटू देऊ नका.

---

रात्रपाळी

मी नर्स आहे, ड्यूटी संपवून बसमध्ये लिहितेय, त्यामुळे थोडक्यात.

टीचर, एकोणीस दिवस जे झालं ते सैतान नव्हता. या प्रकारच्या बऱ्याच गोळ्या एकदम थांबवल्या की तसंच होतं, ते विजेसारखे झटकेसुद्धा. रुग्ण अगदी तुमच्याच शब्दांत सांगतात. गोळी सुरू केली की फरक जाणवायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात, आणि बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवतात, म्हणजे दुखणं उलटू नये. चौदा महिने म्हणजे विश्वास कमी पडला असं काही नाही. थायरॉईड आणि बी-१२ खरंच तपासलंय ना? उदासीचं ते एक कारण असू शकतं.

बायबलमध्ये हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. देवाने प्रार्थना ऐकली, पंधरा वर्षं वाढवून दिली, असं यशया संदेष्ट्याने सांगितलं. आणि त्याच यशयाने अंजिरांचं पोटीस करून गळवावर बांधायला लावलं. २ राजे, विसावा अध्याय. प्रार्थना ऐकली गेल्यावरचं औषध आहे ते. पुरंदरच्या अंजिरांच्या पाट्या रस्त्याला दिसल्या की मला दर वर्षी हे आठवतं. हातावर हात ठेवून बसा, असं यशया म्हणाला नाही.

एक विचारायचं राहिलं, आणि स्पष्टच विचारते. जगणं नको, असा विचार कधी आला का? आला असेल, किंवा पुढे आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास असतो, मराठीत बोलतात. इथे नुसतं वाचणाऱ्यांनीही लिहून ठेवा.

---

एक_सेवक

मी तीस वर्षं सेवेत आहे. टीचरांचं दुःख मला समजतं आणि त्या सिस्टरांनी गोळ्या टाकायला सांगितलं ते चूकच होतं, हे आधी म्हणतो.

पण साक्षीबद्दल माझं मत वेगळं आहे. साक्ष म्हणजे देवाने काय केलं ते सांगणं. ऐकणाऱ्यांत नुकतेच विश्वासात आलेले असतात, शेजारपाजारचे असतात, तरुण मुली असतात. त्यांच्यापुढे "मी अजून पूर्ण बरी नाही" असं सोडून दिलं तर ते काय घेऊन जातील? जखम भरल्यावर व्रण दाखवावा. वाहती जखम व्यासपीठावर उघडू नये, त्याने माणसालाही इजा होते. मी पाहिलंय. एका तरुणाने भर उपासनेत सगळं सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात ते "प्रार्थनेचा विषय" म्हणून घरोघरी फिरलं. तो मंडळी सोडून गेला. तेव्हा मी पाळक होतो आणि मला ते थांबवता आलं नाही. हे माझ्या मनावर आहे. म्हणून म्हणतो, थांबा.

---

केडगावची_नात

सेवक अंकल, त्या तरुणाबद्दल तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. टीचरने थांबावं की बोलावं हे तिचं तिने ठरवावं. पण साक्ष पूर्ण बऱ्या झालेल्यानेच द्यावी, याला आपल्या पुस्तकात आधार मिळत नाही.

स्तोत्र ८८ उघडून बघा. हेमान एज्राहीचं. सुरुवातीला "माझ्या उद्धारक देवा" म्हणतो आणि पुढे एकही ओळ उजेडाकडे वळत नाही. बाकीची दुःखाची स्तोत्रं बहुतेक शेवटी "तरी मी तुझी स्तुती करीन" अशी वळतात. हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच "अंधार" आहे. ज्यांनी स्तोत्रसंहिता जमवली त्यांना ते गाळता आलं असतं, किंवा खाली एक गोड ओळ जोडता आली असती. त्यांनी ते तसंच ठेवलं, आणि ते मंदिरात गायचं गीत होतं, वर गायकांसाठी सूचना आहे. म्हणजे लोकांसमोर, सुरात, अंधारावर संपणारं. आपण ते रविवारी वाचायला घेत नाही, हे आपलं.

एलीया संदेष्ट्याचंही तसंच. रतामाच्या झुडपाखाली तो मरण मागत होता. देवदूताने आधी काय केलं? त्याला शिवून उठवलं, निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा भाकर दिली. होरेब डोंगरावर देवाने त्याच्याशी बोलणं त्यानंतर चाळीस दिवसांनी. टीचर, तुमच्या घरप्रार्थनेत क्रम उलटा झाला.

आता घरचं उदाहरण. माझी पणजी लहानपणी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, निराधार बायका-मुलींच्या आश्रमात, वाढली, म्हणून हे नाव घेतलंय. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष छापली, तीत लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्या आठ वर्षांत काय काय येतं बघा. १८८९ मध्ये त्यांचं शारदा सदन, विधवांसाठीची शाळा, सुरू झालं ते याच काळात, जग त्यांच्याकडे आदर्श म्हणून बघत होतं, आणि आत हे. त्यांनी नंतर लिहिलं, हे खरं, सेवक अंकल, तुमचा मुद्दा तिथे लागू पडतो. पण लिहिलं. केडगावात शेकडो बायका-मुली त्यांच्या शब्दावर विसंबून असताना लिहिलं. पणजी म्हणायची, आम्हाला त्यांची भीती वाटत नव्हती, ती त्या मोठ्या होत्या म्हणून नव्हे, त्या खोटं बोलत नाहीत म्हणून.

टीचर, व्यावहारिक सुचवते. साक्ष नाकारा, आणि त्या जागी स्तोत्र ८८ वाचायला मागा. वाचताना तुमचा आवाज तुमचाच असेल, शब्द हेमानचे. ज्याला कळायचं त्याला कळेल.

---

शब्बाथशाळा_टीचर

उत्तर द्यायला उशीर झाला. महिला रविवार होऊन सहा दिवस झाले.

नर्सताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी. मरावं असं नाही, पण सकाळी उठूच नये असं वाटायचं, त्या एकोणीस दिवसांत जास्त. डॉक्टरांना हे कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि आता पंधरा दिवसांनी बोलावलंय. बी-१२ कमी निघालं, थायरॉईड चांगला आहे.

खडकीकर अंकल, मिस्टरांना सांगितलं. रात्री जेवणानंतर रव्याचा डबाच आणून त्यांच्यासमोर ठेवला, कारण तोंडातून सुरुवात होईना. त्यांनी रुमाल सोडला, पाकीट उलटसुलट करून बघितलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुधाच्या दिवसापासून?" म्हणजे त्यांना तो दिवस लक्षात होता. मला वाटत होतं फक्त मुलीलाच आठवतोय. राग होता, पण गोळ्यांचा नव्हता, चौदा महिन्यांचा होता. तो अजून पूर्ण गेलेला नाही आणि तो माझ्या वाट्याचाच आहे. मुलीला दोघांनी मिळून सांगितलं. तिने विचारलं, मलाही होईल का? मला उत्तर आलं नाही, पुढच्या वेळी तिला डॉक्टरांकडे नेणार आहोत.

अध्यक्षबाईंना फोन करून साक्ष नको म्हटलं, स्तोत्र वाचते म्हटलं. कुठलं ते ऐकून म्हणाल्या, "अगं, महिला रविवारी इतकं उदास?" मी म्हटलं, पवित्र शास्त्रच आहे. मग हो म्हणाल्या.

वाचलं. अठराच वचनं आहेत, पण कितीतरी लांब वाटली. शेवटच्या शब्दावर थांबून पुस्तक मिटलं आणि एक वाक्य जोडलं, जे सेवक अंकलांच्या सल्ल्यात बसत नाही: "मी गेलं वर्षभर उपचार घेत आहे, आणि हे स्तोत्र मला माझं वाटतं." तेवढंच. खाली येताना पायात जीव नव्हता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी रडलं नाही. बाहेर चहाला नेहमीसारखीच माणसं होती. दोघी-तिघी थोड्या लांब उभ्या होत्या, एवढं दिसलं.

आणि सोमवारी फोन आला की माझा वर्ग महिनाभर दुसऱ्या सिस्टर घेतील, तुम्ही विश्रांती घ्या. अगदी प्रेमाने सांगितलं, मुलांच्या आईवडिलांपैकी कुणी काही म्हणालं का, हे सांगितलं नाही. हे मला फार लागलं. आठवड्यात मला नीट वाटायचा तो एक तास होता, तोच विश्रांती म्हणून काढून घेतला. सेवक अंकल, तुम्ही म्हणालात तसं घडलं, हे मी मान्य करते. तरी वाक्य परत घ्यावंसं वाटत नाही. रविवारपासून मी नळ न सोडता गोळी घेते.

पाळकांची बुधवारची वेळ मिळाली आहे, मिस्टर सोबत येणार. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले वर्ग घ्यायला काही हरकत नाही, लिहून देऊ का? मी लिहून घेतलंय. तो कागद पर्समध्ये आहे, पण आधी कागद न दाखवता बोलणार आहे. ख्रिसमसच्या कार्यक्रमात माझी मुलं मेंढपाळ होणार आहेत, त्यांच्या घोंगड्यांचं कापड मी अर्धं शिवून ठेवलंय. वर्ग मला परत हवा आहे, असं सांगणार.

---

जुना_खडकीकर

बुधवारी किती वाजता आहे, ते लिहा. मी त्या वेळी घरी प्रार्थनेला बसतो. आणि बोलून झाल्यावर, जे होईल ते, इथे कळवा.